वकारुद्दीन साहेबांची बिर्याणी, थेट प्रक्षेपणात

कराचीतल्या टीव्हीवरच्या सगळ्या शेफना मिळून जेवढा स्वयंपाक येत नाही, तेवढा एकट्या वकारुद्दीन साहेबांना कळतो, असं खुद्द वकारुद्दीन साहेबांचं ठाम मत होतं. आणि ज्यावर त्यांचं मत नाही असा पदार्थ अजून कुणी शिजवलेला नव्हता!

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दोन वाजता नॉर्थ नाझिमाबादमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, बरोबर पंख्याखाली, सोफ्यावर मांडी ठोकून ते बसत आणि 'ताबिशचा तवा' हा कार्यक्रम लावत. लावत ते बघायला नव्हे, तपासायला! शाळेत साहेब तपासणीला यावेत आणि मास्तरांनी चळचळा कापावं, तसा आपल्याला बघून तो शेफ ताबिश पडद्याच्या पलीकडे कापत असणार, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

"हा कांदा बघ! याला हा लाल म्हणतोय! हा अजून लाजलासुद्धा नाहीये!"

"दोन मिनिटं परतायचं म्हणे! अरे, दोन मिनिटांत मटणाची आणि मसाल्याची नावं तरी विचारून होतात का?"

हे सगळं ऐकायला खोलीत असे फक्त पंखा. बेगम नफीसा स्वयंपाकघरात असे. तिने जन्मात कधी स्वयंपाकाचा कार्यक्रम बघितला नव्हता, कारण तो चालू असताना ती स्वयंपाक करत असे. तिच्या हातच्या बिर्याणीसाठी मलीरहून तिची बहीण रिक्षाचे धक्के खात यायची. वकारुद्दीन साहेब मात्र ती बिर्याणी खाऊन, हात धुऊन, दात कोरून झाले की म्हणत, "चांगली आहे. दम एक श्वास कमी पडला."

"बरं," नफीसा म्हणे. गेली कित्येक वर्षं ती एवढंच म्हणत आली होती.

शेफ ताबिशबद्दल खोटं कशाला बोला, माणूस दिसायला देखणा होता. केसांना इतकं जेल, की माशी बसली तर घसरून थेट कढईत पडावी. निहारीवर चीज, हलीमवर चीज. एकदा तर त्याने शीरखुर्म्याकडेही तसल्याच नजरेनं पाहिलं होतं! कार्यक्रमाचा प्रायोजक होता 'शाही शहनाई मसाला'. त्याचं पाकीट ताबिश असं अलगद दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्याला दाखवी, जणू नातेवाइकांना नवजात बाळ दाखवतोय. मधूनमधून लोकांचे फोन येत. कुणी म्हणे, "शेफ, आज तुमचा चेहरा उतरलेला दिसतोय." कुणी म्हणे, "माझ्या मुलीचे केस गळतात, मेथीचं पाणी लावू का?" ताबिश चीज किसता किसता सगळ्यांना सल्ला देई. पाककृती कुणी विचारलीच, तर तो जरा गोंधळे.

त्या मंगळवारी ताबिश कॅमेऱ्यात बघून गोड हसला आणि म्हणाला, "आणि हो, खऱ्या बिर्याणीत बटाटा नसतो. बटाटा म्हणजे मटण कमी पडल्याची कबुली!"

वकारुद्दीन साहेब ताडकन उभे राहिले. कराचीत राहून, कराचीचं मीठ खाऊन, कराचीच्याच बिर्याणीतल्या बटाट्याला नावं!

"सबीका! फोन आण माझा! आज याला धडा शिकवतो!"

सबीका म्हणजे त्यांची मुलगी. दातांची डॉक्टर. दवाखान्यातून जेवायला घरी आली होती. ती म्हणाली, "अब्बू, जाऊ द्या ना. बटाटा काय तुमचा मामेभाऊ आहे?"

पण साहेबांनी परत बसून नंबर फिरवायला घेतला होता. लागेना. पुन्हा फिरवला. पुन्हा. बोट दुखायला लागलं तेव्हा एकदाचा तो लागला, आणि टीव्हीतून ताबिशचा आवाज आला, "अस्सलाम अलैकुम! कोण बोलतंय, कुठून?"

"वालेकुम अस्सलाम! मी वकारुद्दीन, नॉर्थ नाझिमाबादहून! मला तुम्हाला सांगायचंय की..."

"सर, आधी टीव्हीचा आवाज कमी करा."

रिमोट सापडेना. टीपॉय बघितलं, उशीखाली बघितलं. अखेर सबीकाने वडिलांना हाताला धरून उठवलं आणि ते ज्याच्यावर बसले होते तो रिमोट काढून आवाज बंद केला.

"बटाटा हा बिर्याणीचा प्राण आहे!" साहेब गरजले. "तुम्ही सगळा मसाला मटणावर उधळता. तो रस प्यायला बटाटाच लागतो! दुसऱ्या कुणाचं काम नाही ते!"

"वा, सर, वा! तुम्ही तर जाणकार निघालात," ताबिश म्हणाला. "तुमच्याकडे बिर्याणी कोण करतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधं होतं. पण सगळा देश ऐकत असताना 'बेगम करते' म्हणायचं, म्हणजे आपली सगळी विद्वत्ता पाण्यात! साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "मीच करतो!"

"सुभानल्ला! आणि भाभी?"

"तिला कुठलं जमायला!" साहेब आता उताराला लागले होते. "ती बिचारी भाताला बसली की भात तरी बसतो नाही तर ती तरी!"

स्टुडिओत टाळ्यांचा कडकडाट झाला. ताबिशने छातीवर हात ठेवून देशातल्या तमाम नवऱ्यांना वकारुद्दीन साहेबांचा आदर्श घ्यायला सांगितलं. साहेब तृप्त होऊन सोफ्यावर टेकले. सबीका मात्र डोक्याला हात लावून उभी होती.

"अब्बू, अम्मी आत आहे."

"ती कुठं टीव्ही बघते!"

खरं होतं. नफीसा बघत नव्हती. पण मलीरची बहीण बघत होती, तळमजल्यावरची शिंपीण बघत होती, आणि साहेबांच्या तिन्ही वहिन्या बघत होत्या! आतला फोन खणखणायला लागला तो अर्धा तास थांबला नाही. त्यानंतर नफीसा बाहेर आली. हात पदराला पुसत पुसत आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि नवऱ्याकडे नुसतं बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं. ओरडण्यावर त्यांच्याकडे काहीतरी मत तरी होतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी फोन होता सफूरा बेगमचा.

सफूरा बेगमच्या आरिजसाठी सबीकाला मागणी येऊ घातली होती. आरिज औषधांच्या कंपनीत होता, सालस होता, आणि मुख्य म्हणजे एका लग्नात त्याने सबीकाशी दाढदुखीवर तासभर गप्पा मारल्या होत्या. दाढ त्याची ठणठणीत होती, हे तिनं ओळखलं होतं आणि तरीही तिला त्या गप्पा आवडल्या होत्या. शनिवारी त्यांच्याकडची मंडळी चहाला येणार होती.

"चहा राहू दे, नफीसा बाजी," सफूरा बेगम म्हणाली. "आता आम्ही भाईसाहेबांच्या हातची बिर्याणीच खाणार. दुपारी जेवायलाच येतो."

"का नाही! अवश्य!" नफीसा मधासारखं बोलली. "तेच करतील. मला कुठं जमतं!"

फोन ठेवून ती उठली.

"शनिवारी स्वयंपाकघर तुमचं. मी पाहुण्यांत बसेन."

"अगं नफीसा, मी आपलं गमतीनं..."

"आणि सबीकाही मदतीला येणार नाही. तिला नटून बसायचंय."

"मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"हे सगळ्या देशाला सांगायच्या आधी आठवायचं होतं," नफीसा म्हणाली आणि आत गेली.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. पण वकारुद्दीन साहेब विचार करकरून उलट खुलले. इतकी वर्षं आपण रोज बघतोय! पोहण्याच्या स्पर्धा बघून पोहता येत नसेल एक वेळ, पण बिर्याणी काय, ती तर जमिनीवरच करायची असते! शुक्रवारी त्यांनी स्वतः जाऊन मटण आणलं, खाटकाला दोन सूचना केल्या, खाटकाच्या चार ऐकून घेतल्या. पाककृती म्हणून ताबिशचाच जुना भाग मोबाइलवर लावून ठेवला. माणूस नालायक आहे, पण चुका आपण सुधारून घेऊ, असा त्यांचा बेत होता.

शनिवारी सकाळी ते नफीसाचा एप्रन बांधून उभे राहिले. एप्रनवर मोठी फुलं होती. मोबाइल मिठाच्या डब्याला टेकवला आणि सुरुवात झाली.

"कांदा लाल करून घ्या," मोबाइलमधला ताबिश म्हणाला आणि लगेच त्याच्या हातात लाल कांद्याची बशी आली. साहेबांचा कांदा अजून चिरायचा होता. तो चिरताना ते असे रडले की शेजारच्या गॅलरीतली बाई विचारू लागली, "भाईसाहेब, सगळं खैरियत आहे ना?"

"आता मटण मऊ होईपर्यंत शिजवा," ताबिश म्हणाला, ओट्याखाली वाकला आणि हसतमुखानं एक भरलेलं पातेलं वर काढलं. "हे मी आधीच करून ठेवलंय!"

साहेबांनी नकळत आपल्याही ओट्याखाली बघितलं. तिथं बटाट्याची टोपली होती आणि झुरळं मारायचा फवारा.

मटण शिजायला त्याचा स्वतःचा वेळ घेऊ लागलं. तोवर भात करून घ्यावा म्हणून साहेबांनी पाण्यात तांदूळ सोडले. ताबिश म्हणाला, "एक कणी कच्ची ठेवा." ती कणी म्हणजे नेमकी काय आणि ठेवायची कुठं, हे बघायला त्यांनी चष्मा शोधायला घेतला. चष्मा सापडला तोवर कणी गेली होती, भातही गेला होता. पातेल्यात उरला होता तो पोस्टर चिकटवायला उत्तम! घाईघाईनं त्यांनी बटाटे टाकले, ते कच्चेच. वर शाही शहनाईचं पाकीट टाकलं. चव येईना म्हणून दुसरं टाकलं. शेवटी सगळ्यावर झाकण ठेवून, कणकेनं कडा बंद करून, आच मोठी केली. दम एक श्वास कमी पडायला नको!

दारावरची घंटा वाजली. सफूरा बेगम, तिचा नवरा मिन्हाज साहेब आणि आरिज, असे तिघे आले. बैठकीत सरबत फिरलं. नफीसा ठेवणीतले मोरपंखी कपडे घालून, पायावर पाय टाकून, आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्यांसमोर निवांत बसली होती.

"भाईसाहेब कुठायत?" सफूरा बेगमनं विचारलं.

"दमावर आहेत," नफीसा म्हणाली.

स्वयंपाकघरात जळका वास सुटला. साहेबांनी चाकूनं कणीक फोडली, झाकण उचललं आणि मागे सरले. मधोमध पांढरा लगदा, त्यात दगडासारखे उभे बटाटे, आणि तळाशी कोळशाची खाण! चमचा उभा केला, तो उभाच राहिला.

पळावं तर कुठून? फ्लॅटचा एकमेव दरवाजा बैठकीत उघडत होता. बाहेरून मागवावी, तर ती घेऊन येणारा पोऱ्याही पाहुण्यांच्या नाकासमोरूनच येणार. घड्याळात दोन वाजून गेले होते. बुडणाऱ्याला हाताला काही लागावं तसा त्यांच्या हाताला फोन लागला. त्या दिवशी बोट दुखेपर्यंत न लागलेला नंबर आज पहिल्या झटक्यात लागला!

"वकारुद्दीन साहेब?" पलीकडची मुलगी चीत्कारली. "नॉर्थ नाझिमाबाद? तुमचा नंबर आम्ही जपून ठेवलाय! थेट जोडते!"

"थेट नको, मला फक्त हळूच विचारायचं..."

"आपले लाडके नवरे पुन्हा फोनवर!" कानात ताबिशचा आवाज घुमला. "बोला सर!"

साहेब फोनवर ओणवे झाले आणि जमेल तितकं कुजबुजले, "भाताचा लगदा झालाय."

मग भिंतीपलीकडून, बैठकीतून, त्यांचाच आवाज खणखणीत आला: "भाताचा लगदा झालाय!"

सफूरा बेगम ताबिशचा एकही भाग चुकवत नसे. आल्या आल्याच तिनं टीव्ही लावायला सांगितला होता.

"सर, आवाज घुमतोय. टीव्ही बारीक करा."

"मी नाही करू शकत. टीव्ही पाहुण्यांजवळ आहे."

"टीव्ही पाहुण्यांजवळ आहे!" बैठक म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटून विजेचा धावा केला. रोज न चुकता याच वेळी जाणारी नाझिमाबादची वीज त्या दिवशी हलली नाही! उलट टीव्हीचा आवाज एकदम वाढला. रिमोट नफीसाच्या हातात होता.

"घाबरू नका सर," ताबिश म्हणाला. "वर भरपूर चीज किसा, ओव्हनमध्ये ठेवा आणि टेबलावर नेताना एखादं इटालियन नाव द्या."

"अहो, पाहुणे कराचीचे आहेत! आणि खाली कोळसा झालाय!"

"कोळशाला आपण धुराचा स्वाद म्हणू! नाही तर असं करा, भाभींना... अरे हो! त्यांना तर जमत नाही."

ओणवे झालेले साहेब ताठ उभे राहिले.

"जमतं हो! तिलाच जमतं!" ते ओरडले. कुजबुजण्यात आता अर्थ उरला नव्हता. "मला अंडं उकडता येत नाही! मी खोटं बोललो तुमच्याशी! बिर्याणी तीच करते, बटाटा तीच घालते, आणि दमही कधी कमी पडलेला नाही! मी आपला उगाच म्हणतो!"

बैठकीतून तेच सगळं, थोड्या उशिरानं, दुप्पट मोठ्यानं ऐकू आलं. स्टुडिओत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताबिश म्हणाला, "छोट्या विश्रांतीनंतर भेटू," आणि शहनाई वाजू लागली.

साहेब वळले. दारात नफीसा उभी होती. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं, उभा चमचा बघितला, मग फुलाफुलांचा एप्रन बघितला.

"देशाला आणखी काही सांगायचं राहिलंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग फोन ठेवा."

तिच्या मागोमाग सफूरा बेगम आली. आता ही उलट्या पावली घरी जाणार आणि सबीका जन्मभर आपलं तोंड बघणार नाही, असं मनाशी म्हणत साहेब ओट्याला टेकले. पण सफूरा बेगमनं स्टुलावर बसकणच मारली आणि ओढणीत तोंड खुपसून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"भाईसाहेब, अल्ला तुमचं भलं करो! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला!"

"म्हणजे?" नफीसानं विचारलं.

"अहो बाजी, आज आम्ही नकार द्यायला आलो होतो! मंगळवारी यांचं ते टीव्हीवर ऐकलं, आणि मिन्हाज म्हणाले, ज्या मुलीचा बाप बिर्याणी करतो तिला आपला आरिज कसा पुरणार? त्याला चहासुद्धा येत नाही. मिन्हाजना तर पाणीसुद्धा मी भरून देते. म्हटलं, पोरगी पहिल्याच महिन्यात माहेरी येऊन बसेल. पण बिर्याणी खाल्ल्याशिवाय नाही म्हणणं बरं दिसेना." तिनं पुन्हा पातेल्याकडे बघितलं. "आता काही हरकत नाही. घर अगदी आमच्यासारखंच आहे!"

वकारुद्दीन साहेबांना हे कौतुक आहे की काय आहे ते कळेना, पण त्यांनी मान डोलवली.

"हरकत मला आहे," दारातून सबीका म्हणाली. सगळे वळले. तिच्या मागे आरिज अवघडून उभा होता. "मला रोज बिर्याणी नकोय. पण ज्याला स्वतःचा चहा येत नाही, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. बैठकीत आता मी त्याला तेच सांगितलं."

"मग? काय म्हणाला तो?" सफूरा बेगमच्या तोंडचं हसू गेलं.

आरिज घसा खाकरून म्हणाला, "मी म्हटलं, चहाचं काय, आज जेवणच करतो. अंडी कुठं असतात?"

त्या दिवशी पाहुण्यांनी कालची मसूर डाळ, लोणचं आणि खागिना खाल्ला. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून परतलेल्या अंड्यांत टरफलाचे इतके तुकडे पडले होते की मिन्हाज साहेब प्रत्येक घासाला थांबून काहीतरी बशीच्या कडेला ठेवत होते. अंडी आरिजनं फोडली होती. परतली सबीकानं, कारण तिलाही तेवढंच येत होतं. पराठे नफीसानं लाटले, पण ओट्याशी उभं राहून "तुम्ही फक्त पाणी आणून ठेवा" असं नवऱ्याला पाहुण्यांदेखत सांगूनच. साहेबांनी पाणी आणून ठेवलं. मिन्हाज साहेबांनाही उठून ग्लास मांडावे लागले. हिवाळ्यात लग्न करायचं ठरलं.

वकारुद्दीन साहेब दुपारी सोफ्यावर बसतच राहिले, पण टीव्ही बारीक करून. बोलणं कमी झालं. नफीसानं त्या प्रकाराबद्दल एक चकार शब्द काढला नाही, आणि तीच गोष्ट साहेबांना जास्त बोचत होती.

असेच काही दिवस गेले आणि एका दुपारी तिनं बिर्याणी केली. झाकण उघडलं तसा घरभर वास पसरला. दाणा न् दाणा सुटा, मटण बोटानं तुटेल असं, बटाटा सोन्यासारखा. साहेबांच्या ताटात वाढून ती समोर बसली आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं तिनं विचारलं, "कशी झालीय?"

साहेबांनी घास घेतला. चावला. तोंडात काहीतरी चुकल्यासारखं झालं. दुसरा घास घेतला. शंकाच नको! आयुष्यात प्रथमच त्यांचं मत शंभर टक्के बरोबर होतं. ते जिभेच्या टोकावर आलं, दातांशी आलं, ओठांवर येऊन थडकलं. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि सगळं खाली ढकललं.

"उत्तम!" ते म्हणाले. "अप्रतिम!"

"मीठ?"

"अगदी मापात!"

"मीठ घातलंच नाही मी," नफीसा म्हणाली. "म्हटलं, बघावं."

आणि मिठाची बरणी पुढे ओढून तिनं फक्त आपल्या ताटात चिमूटभर मीठ घेतलं, झाकण घट्ट लावलं आणि निवांत जेवू लागली. साहेबांनी बरणी मागितली नाही. ताट मात्र पुसून पुसून संपवलं, आणि वर आणखी थोडी वाढूनही घेतली!